हरणाऱ्या संघाला वस्ताद कसा मिळाला?
अमेरिकेतील एका शेतकी विद्यापीठाची कथा



चालती गाडी हाकायला पुष्कळ जण पुढे येतात. चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा लावणारा मात्र शोधावा लागतो. तालीम असो, शाळा असो, सोसायटी असो, संस्था तोट्यात आली की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असते, "आता चांगला माणूस आणा." पण चांगला माणूस ओळखायचा कसा, आणि तो आल्यावर आपण काय करायचे, याचा विचार फार थोडे करतात. अमेरिकेतल्या एका शेतकी विद्यापीठाने १९८८ साली आपल्या फुटबॉल संघासाठी असा माणूस शोधला. गोष्ट खेळाची आहे, पण संस्था चालवणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे.

विद्यापीठ शेतकऱ्यांचे

कॅन्सस हे अमेरिकेच्या मध्यभागातले गव्हाचे आणि गुराढोरांचे राज्य. तिथे मॅनहॅटन नावाचे लहानसे शहर आहे. (न्यूयॉर्कचे मॅनहॅटन ते वेगळे.) १८६२ साली अमेरिकन सरकारने कायदा करून राज्यांना सरकारी जमिनी दिल्या. त्या विकून येणाऱ्या पैशातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती. त्या कायद्याखाली १८६३ साली मॅनहॅटनला शेतकी महाविद्यालय उभे राहिले. तेच आजचे कॅन्सस स्टेट विद्यापीठ. आपल्याकडे १९६० साली पंतनगरचे आणि १९६८ साली राहुरीचे कृषी विद्यापीठ निघाले, ते याच धर्तीवर. तेव्हा ही संस्था आपल्याला अगदीच परकी नाही.

हा फुटबॉल निराळा

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. यातला चेंडू लांबट असतो आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. प्रत्येक बाजूला अकरा गडी, मैदान शंभर यार्डांचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. म्हणजे ताकद लागते, पण त्याहून जास्त आखणी लागते.

म्हणूनच तिथल्या मुख्य प्रशिक्षकाचे काम मोठे. कोणत्या शाळेतला कोणता पोरगा घ्यायचा, कुणाला शिष्यवृत्ती द्यायची, सहायक कोण नेमायचे, पोरे काय खातात, अभ्यासात पास होतात की नाही, सगळे त्याच्या अंगावर. आपल्या तालमीचा वस्ताद आणि संस्थेचा कारभारी, दोन्ही एकाच माणसात. शनिवारी सामना असला की आसपासच्या गावांची जत्राच भरते. तिकिटे, देणग्या, दूरदर्शनचे पैसे, विद्यापीठाचे नाव, सगळे त्या संघाभोवती फिरते. संघ पडला की त्याची झळ गावातल्या हॉटेलवाल्यापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना लागते.

पराभवाचा डोंगर

कॅन्सस स्टेटचा संघ पडला होता, आणि साधासुधा पडला नव्हता. १९३५ ते १९८८ या ५४ वर्षांत त्यांनी अवघे १३७ सामने जिंकले. वरच्या श्रेणीत पाचशे पराभव गाठणारा देशातला पहिला संघ हाच. १९८६ ते १९८८ या तीन हंगामांत ३३ सामने झाले. त्यांत विजय दोन, बरोबरी एक, बाकी सगळे पराभव. १९८७ आणि १९८८ हे दोन हंगाम तर एकाही विजयाविना गेले.

नेब्रास्का, ओक्लाहोमा यांसारखे दांडगे संघ याच आठ विद्यापीठांच्या गटात होते. त्यांच्यासमोर उभे राहायचे म्हणजे मार खायचा, हे ठरलेले. प्रेक्षक येईनासे झाले. या गटात राहणे परवडते का, अशी उघड चर्चा सुरू झाली. एका नामांकित क्रीडा साप्ताहिकाने सप्टेंबर १९८९ मध्ये या विद्यापीठावर मोठा लेख छापला आणि देशभर शोभा झाली. त्याच्या मथळ्याचा अर्थ 'व्यर्थ विद्यापीठ' असा होता.

आधी प्रशिक्षक बदलून पाहिले नव्हते असे नाही. आले नि गेले. प्रत्येक नवा आला की दोन दिवस हारतुरे, मग पराभव, मग हकालपट्टी. माणूस बदलायचा, बाकी रान तसेच पडीक!

माणूस कसा पारखला

जॉन वेफल्ड १९८६ साली विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. स्टीव्ह मिलर हे क्रीडा संचालक. या दोघांपुढे पेच असा, की नावाजलेला प्रशिक्षक अशा ठिकाणी येणार कशाला? आपली कीर्ती घालवून घ्यायला?

त्यांची निवड ठरली बिल स्नायडर या ४९ वर्षांच्या गृहस्थांवर. स्नायडर शेजारच्याच भागातले, मिसुरी राज्यातल्या सेंट जोसेफचे. तोवर ते कुठल्याही मोठ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक झालेले नव्हते. कागदावर पाहिले तर नाव मोठे नव्हे. पण त्यांनी काम कुठे केले होते ते पाहण्यासारखे आहे.

१९७९ पासून ते आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय या प्रशिक्षकांचे सहायक होते. चढाईची आखणी त्यांच्याकडे. आयोवाचा संघही एके काळी असाच बुडालेला. १९६१ नंतर त्यांना एकही हंगाम हारण्यापेक्षा जिंकण्याचा गेला नव्हता. फ्राय आल्यावर तिसऱ्याच हंगामात, १९८१ साली, तो संघ थेट रोझ बाउल या मानाच्या सामन्यापर्यंत पोचला. बुडालेली संस्था वर कशी येते, पहिल्या वर्षी काय करावे लागते, दुसऱ्या वर्षी कुठे अडते, हे स्नायडर यांनी जवळून पाहिले होते. भरलेल्या कोठारावर बसलेला कारभारी आणि दुष्काळातून गाव काढलेला कारभारी यांत फरक असतो. कॅन्ससवाल्यांनी दुसरा निवडला.

नोव्हेंबर १९८८ मध्ये नेमणूक झाली. तेव्हा स्नायडर यांनी अजिंक्यपदाचे वचन दिले नाही. कॉलेज फुटबॉलमधले सर्वांत मोठे परिवर्तन घडवण्याची संधी इथे आहे आणि ती हलक्याने घेण्यासारखी नाही, अशा अर्थाचे ते बोलले. पुष्कळांना हसू आले.

पहिला हंगाम : एकच विजय

१९८९ च्या हंगामाचे पहिले तीन सामने हरले. त्यातला एक तर खालच्या श्रेणीच्या संघाशी. मग ३० सप्टेंबरला नॉर्थ टेक्सासशी सामना झाला. अगदी शेवटच्या डावात चेंडू पलीकडे पोचला आणि २० विरुद्ध १७ असा विजय मिळाला. ऑक्टोबर १९८६ नंतरचा हा पहिला विजय. मधले तीस सामने विजयाविना गेले होते.

पण त्या हंगामात आणखी विजय मिळाला नाही. एक जिंकला, दहा हरले. इथेच खरी कसोटी होती. आपल्याकडे असता तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत "एवढा पगार घेऊन काय केलं?" असा आरडाओरडा झाला असता. तिथेही कुरकुर झालीच असणार. पण वेफल्ड आणि मिलर मागे हटले नाहीत. १९९० साली पाच विजय आले. १९९१ साली सात. १९९२ ला पुन्हा पाचवर घसरण झाली, तरीही माणूस बदलला नाही. १९९३ साली नऊ विजय, आणि हंगामाअखेरच्या कॉपर बाउल सामन्यात वायोमिंगचा ५२-१७ असा फडशा! पेरणी १९८८ ची, पीक १९९३ ला. पाच वर्षे.

काम कसे केले

स्नायडर आले तेव्हा शिष्यवृत्तीवरचे खेळाडू नियमाने ठेवता येतात त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. मोठ्या शहरांतली गाजलेली पोरे इकडे फिरकणार नाहीत हे उघड होते. मग त्यांनी जवळचे बेणे पाहिले. कॅन्ससमध्ये दोन वर्षांची छोटी महाविद्यालये पुष्कळ आहेत आणि तिथे फुटबॉल खेळला जातो. मोठ्या संघांनी नाकारलेली पोरे तिथे असत. ती घेतली, घडवली. शिवाय शिष्यवृत्ती नसताना स्वखुशीने येणाऱ्या खेड्यातल्या पोरांनाही दार उघडे ठेवले. रायली गावाजवळच्या शेतकरी कुटुंबातला जॉर्डी नेल्सन २००३ साली असाच शिष्यवृत्तीविना आला. पुढे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये ग्रीन बे संघाकडून २०११ च्या सुपर बाउलमध्ये खेळला आणि विजेता झाला.

सोळा उद्दिष्टे त्यांनी संघापुढे ठेवली. एकजूट, निःस्वार्थीपणा, शिस्त, चुका कमी करणे, दररोज थोडे सुधारणे अशी ती साधी यादी आहे. त्यात 'अमुक सामने जिंका' असे काही नाही. आज कालच्यापेक्षा बरे झालो का, एवढाच हिशेब. स्वतः माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत कचेरीत, जेवण दिवसातून एकदा, तेही रात्री उशिरा.

जुने चिन्हसुद्धा त्यांनी बदलले. विद्यापीठातल्याच एका कला शिक्षकाकडून रानमांजराचे नवे चित्र करून घेतले. वरवर क्षुल्लक वाटेल, पण हरणाऱ्याची ओळख अंगावर वागवत जिंकता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

टीकाही झाली. गटाबाहेरचे सामने मुद्दाम दुबळ्या संघांशी ठेवतात, असा आक्षेप वर्षानुवर्षे घेतला गेला, आणि तो खोटा नव्हता. पण जिंकणे म्हणजे काय हेच विसरलेल्या पोरांना आधी जिंकण्याची चव लागावी, हा त्यामागचा हिशेब. नवख्या पैलवानाला कोणी पहिल्याच दिवशी हिंदकेसरीपुढे उभा करत नाही.

१९९८ साली त्यांनी नेब्रास्काला ४०-३० असे हरवले. तीस वर्षांनी मिळालेला हा विजय. त्या हंगामात पहिले अकराच्या अकरा सामने जिंकले. २००३ साली अव्वल क्रमांकाच्या ओक्लाहोमाला ३५-७ ने धूळ चारून गटाचे अजिंक्यपद मिळवले. ५४ वर्षांत १३७ विजय मिळवणाऱ्या संघाला स्नायडर यांनी १७ वर्षांत १३६ विजय दिले.

वस्ताद गेल्यावर

२००५ अखेर स्नायडर निवृत्त झाले. मैदानाला त्यांच्या कुटुंबाचे नाव दिले गेले. आणि मग? नव्या प्रशिक्षकाच्या तीन वर्षांत १७ विजय, २० पराभव. त्यांना दूर केल्यावर २००९ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. एका क्रीडा संचालकाने त्यांच्याशी ३२ लाख डॉलर देण्याचा वेगळा करार केला होता, आणि तो लोकांपुढे आलेलाच नव्हता. कोर्टकज्जा झाला. २०११ साली तडजोड होऊन साडेसोळा लाख डॉलर द्यावे लागले. बंद दाराआडच्या कराराचे पैसे शेवटी संस्थेलाच मोजावे लागतात.

२००९ च्या हंगामासाठी ६९ वर्षांच्या स्नायडरना पुन्हा बोलावले. २०१२ साली त्यांनी पुन्हा गटाचे अजिंक्यपद आणले आणि २०१८ च्या हंगामानंतर ते कायमचे थांबले. एकूण विजय २१५. यात गौरव आहे तशी जाणतेपणाने घ्यायची सूचनाही आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेले बॉब स्टूप्स दुसरीकडे गेले आणि त्यांनी ओक्लाहोमाला २००० च्या हंगामात राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. घरात माणसे घडत होती, पण घराला वारस वेळेवर ठरवता आला नाही. २०१९ साली आलेल्या ख्रिस क्लिमन यांनी मात्र २०२२ मध्ये अजिंक्यपद मिळवले, म्हणजे दुसऱ्या खेपेला घडी नीट बसली.

आज काय?

आता तिथला काळ बदलला आहे. खेळाडूंना पैसे मिळतात आणि कॉलेज बदलणेही सोपे झाले आहे. त्यामुळे परिवर्तन झटपट होऊ शकते. इंडियाना विद्यापीठाने २०२३ साली तीनच सामने जिंकले होते. नवे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आपल्या जुन्या संघातले खेळाडू बरोबर घेऊन आले आणि २०२४ साली अकरा जिंकले. पण घाईची किंमतही तशीच. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ साली मुदतीआधी प्रशिक्षक काढला, तेव्हा करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम कबूल करावी लागली. तेवढ्यात एखादा साखर कारखाना उभा राहील!

आपण काय घ्यावे

कॅन्ससच्या गोष्टीत स्नायडर मोठे आहेतच. पण वेफल्ड आणि मिलर यांचे काम तेवढेच मोठे. माणूस निवडताना त्यांनी नावापेक्षा अनुभव पाहिला. निवडल्यावर साधने दिली. आणि एक विजय व दहा पराभवांच्या वर्षी ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. नेमणुकीचा ठराव एका बैठकीत होतो. तो खरा ठरवायला पाच वर्षे लागतात.

म्हणून कोणत्याही संस्थेत नवा माणूस नेमला जाईल तेव्हा सभासदांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. पडलेली संस्था उभी करताना याने जवळून पाहिले आहे काय? आणि पहिले वर्ष वाईट गेले तर आपण गप्प राहून त्याला काम करू देणार आहोत काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संचालक मंडळाने द्यायचे. दुसऱ्याचे तुम्ही-आम्ही.