एकट्या वाटसरूची शिदोरी

थाटीपूर हा ग्वाल्हेर शहराचा एक भाग. नोकरीनिमित्त वसईहून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे एकदा पावसाळा सरता सरता मी उतरलो होतो. रात्री जपमाळ झाल्यावर घरातील थोरल्या मुलाने मनातील बेत सांगितला. सुटीत थाटीपुराहून आग्र्यापर्यंत पायी जावयाचे, आणि तेही एकट्याने! आईचा चेहरा उतरला. "फादर, आता तुम्हीच याला चार शब्द सांगा," एवढेच ती म्हणाली.

मी कोणत्या तोंडाने सांगणार? तरुणपणी मीही असाच एकटा निघालो होतो. पाठीवर जाड पुस्तकांचे ओझे आणि पायांत कोरे करकरीत बूट! तिसऱ्या दिवशी टाचा सोलून निघाल्या. परंतु खरा अपराध निराळाच होता. कोणत्या वाटेने जाणार, कोठे मुक्काम करणार, हे मी घरी सांगितलेच नव्हते. परतल्यावर कळले की, आईने चार रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. टाचा आठवड्यात बऱ्या झाल्या. ते मात्र अजून सलते.

म्हणून त्या मुलाला मी "जाऊ नकोस" असे म्हटले नाही. "तयारी कर" असे म्हटले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे, आणि थोड्या वेळाने त्याची आईही, कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम ऋतूचा विचार केला. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. डिसेंबर-जानेवारीत दाट धुके पडते व मोटार चालविणाऱ्यास पायी चालणारा दिसत नाही. म्हणून नोव्हेंबरचा मध्य ठरला. आग्र्याचे अंतर सुमारे १२० किलोमीटर. त्याने तीन दिवसांचा हिशेब मांडला होता. आम्ही सहा दिवस धरले. बानमोर, मुरैना, मग चंबळ नदी ओलांडून धौलपूर, असे टप्पे लिहिले. मुक्कामाची सोय आधी विचारून घ्यावी, अंधार पडण्यापूर्वी तेथे पोहोचावे, चंबळेच्या घळींत रस्ता सोडून शिरू नये, आणि समोरची वाहने दिसावीत म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने चालावे, हेही ठरले. या वाटेच्या जवळपास लोहमार्ग आहे. पाय थकले तर आगगाडीत बसावयाचे, त्यात कमीपणा मानावयाचा नाही, असे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले.

पायांना सराव हवा. थाटीपुराहून किल्ल्याकडे जावे, उरवाईच्या चढाने खडकात कोरलेल्या जैन मूर्तींपासून वर जाऊन परत यावे, असा पाच आठवड्यांचा क्रम त्याने आखला. जे बूट घालून जावयाचे तेच सरावात घालावयाचे, आणि पाठीवर तेवढेच ओझे घ्यावयाचे. ओझे स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, असा एक जुना ठोकताळा आहे. पाणी, मीठ-साखर, मोज्यांचे दोन जोड, पट्टी, ओळखपत्र व भ्रमणध्वनी एवढे ठेवल्यावर तिसरा सदरा आपोआप बाहेर निघाला.

ग्वाल्हेरची गोष्ट निघाली की, विष्णुभट गोडसे यांची आठवण होते. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक 1857 साली आपल्या काकांसमवेत पायी उत्तरेकडे निघाले. वाटेत बंडाचा वणवा पेटला. ते लुटले गेले, मरता मरता वाचले. परंतु निघताना त्यांनी आईवडिलांची अनुमती घेतली होती, आणि परतताना त्यांच्यासाठी गंगाजलाची कावड खांद्यावरून आणली. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास' या पुस्तकात हा वृत्तांत वाचावयास मिळतो. त्यांच्या पायांना घराची ओढ कधी सुटली नाही.

प्रभू येशूनेही शिष्यांना वाटेस लावताना ओझे नाकारले. काठीखेरीज काही घेऊ नका, असे त्याने बजावले, हे मार्ककृत शुभवर्तमानात आपण वाचतो. मात्र तेथेच आणखी एक गोष्ट आहे, ती आपल्या नजरेतून निसटते. प्रभूने त्यांना दोघादोघांनी पाठविले. मग जो एकटा निघतो त्याने काय करावे? माझ्या मते, त्याने आपला दुसरा सोबती घरी नेमून ठेवावा. मुक्कामांचा कागद ज्याच्या हाती आहे, रात्री आठ वाजता जो निरोपाची वाट पाहतो आणि निरोप न आल्यास काय करावे हे ज्याला ठाऊक आहे, तो त्याचा जोडीदार होय. एकांत हे देवाचे देणे आहे. परंतु आपल्या एकांताची किंमत दुसऱ्याने जागरण करून भरावी, हे न्याय्य नव्हे.

नोव्हेंबरात तो मुलगा निघाला. कागद आईने देव्हाऱ्यातील पवित्र मातेच्या तसबिरीखाली ठेवला. रोज आठला निरोप येई. चौथ्या दिवशी धौलपूरच्या पुढे त्याचा घोटा मुरगळला. तो हट्टाने चालत राहील अशी मला भीती होती. पण तो मागे वळला, धौलपुरास आगगाडीत बसला आणि आग्र्यास उतरला. अकबर बादशहाच्या अनुज्ञेने येशूसंघीय धर्मगुरूंनी बांधलेल्या तेथील जुन्या चर्चमध्ये त्याने लंगडत जाऊन प्रार्थना केली.

"अर्धी वाट राहिली, फादर," तो फोनवर खंतावून म्हणाला.

मी त्याच्या आईला विचारले. ती म्हणाली, "राहू दे. पुढल्या वर्षी धौलपुराहून पुढे जाईल. कागद मी जपून ठेवला आहे."