ट्रॉफी, केक आणि जर्द्याचं पाकीट

‘गुमराह’ टीव्हीवर लागला की मी अजूनही जागचा हलत नाही. प्रियकराच्या भरवशावर हाँगकाँगला गेलेली श्रीदेवी, तिच्या सामानात सापडलेली पूड, तुरुंग आणि तिला सोडवायला धावणारा भुरटा संजय दत्त. गंमत म्हणजे हा चित्रपट १९९३चा, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉरिशसहून परतलेल्या संजय दत्तला मुंबईच्या विमानतळावर खरीखुरी अटक झाली. कथेचं मूळ १९८९च्या ‘बँकॉक हिल्टन’ या ऑस्ट्रेलियन मालिकेत. तिथे निकोल किडमन. १९९९मध्ये हॉलिवूडने ‘ब्रोकडाउन पॅलेस’ काढला. थायलंडला सुटी घालवायला गेलेल्या दोन मैत्रिणींची ही कथा. त्यातला थाई तुरुंग फिलिपिन्समध्ये उभा केला होता. नंतर त्याची नायिका क्लेअर डेन्स मनिलाबद्दल असं काही बोलली की तिथल्या नगर परिषदेने तिच्या चित्रपटांवरच बंदी घातली.

तिन्ही कथांत फसवणारा एकाच साच्यातला : देखणा, गोडबोल्या, नुकताच आयुष्यात आलेला परका तरुण. मलाही ते पटत होतं. क्रिसन परेराचं प्रकरण वाचलं आणि पटेनासं झालं.

क्रिसन मुंबईची अभिनेत्री. २०२०च्या ‘सडक २’मध्ये ती होती. दिग्दर्शक महेश भट्ट, म्हणजे ‘गुमराह’चेच. १ एप्रिल २०२३ रोजी ती आंतरराष्ट्रीय वेबमालिकेच्या ऑडिशनसाठी शारजाला गेली. निघताना तिच्या हाती एक ट्रॉफी दिली गेली होती, ऑडिशनमध्ये लागेल म्हणून. त्या ट्रॉफीत अमली पदार्थ निघाले आणि ती तुरुंगात गेली.

का? मुंबई पोलिसांनी शोधलेलं कारण वाचून मी पेपर खाली ठेवला. कुत्रा! २०२०च्या टाळेबंदीत बोरिवलीच्या एका इमारतीत एक बेकरीमालक आपल्या बहिणीकडे आला होता. क्रिसनच्या आईचा कुत्रा त्याच्या अंगावर धावला, त्याने मारायला खुर्ची उचलली, आई चिडली आणि चारचौघांत त्याला बोलली. तो अपमान त्याने जपून ठेवला आणि आईला धडा शिकवायला मुलीला अडकवलं, असं पोलिसांचं म्हणणं. पटकथा लेखकाने हे लिहिलं असतं तर निर्मात्याने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. त्याचा साथीदार म्हणून पकडलेला माणूस बँकेत नोकरीला, आणि त्याला अटक झाली ती आपल्या कोकणात, सिंधुदुर्गात. तपासात आणखी नावं आली. एका डीजेला म्हणे केक देऊन धाडलं होतं. तोही शारजात अडकला. बेकरीमालकाला केकच सुचणार.

क्रिसनने तुरुंगातून लिहिलेलं पत्र तिच्या भावाने जगापुढे ठेवलं. कागद आणि पेन मिळवायलाच तिचे तीन आठवडे गेले होते. केस कपड्यांच्या पावडरीने धुतले, कॉफी संडासाच्या पाण्यात केली, हे तिने जसंच्या तसं लिहिलंय. तिथे हिंदी चित्रपट दाखवत. ते पाहताना डोळे भरून येत, कारण याच पडद्याच्या ओढीने आपण इथवर आलो हे तिला कळत होतं. तुरुंगावरच्या कुठल्याही चित्रपटात मला याच्या तोडीचा प्रसंग आठवत नाही. एप्रिल संपण्याआधी ती सुटली. मायदेशी यायला ऑगस्ट उजाडला.

दुसरं प्रकरण मुंबईच्याच एका तरुण जोडप्याचं. जुलै २०१९मध्ये नवऱ्याच्या सख्ख्या आत्याने स्वतःच्या खर्चाने दोघांना कतारला फिरायला पाठवलं. बायको गरोदर. सोबत एक पाकीट दिलं, जर्दा आहे म्हणून. दोहाच्या विमानतळावर त्यांच्या सामानात ४.१ किलो चरस निघाला. शिक्षा दहा वर्षं. मुलगी तुरुंगातच जन्मली.

परका तरुण कुठेच नाही. आत्या आहे, शेजारणीचा भाऊ आहे.

हे मला जास्त टोचतं, कारण आम्ही गडब गावचे लोक आणि एकूणच कोकणी माणसं पार्सलवर जगणारी. कुणी आखातात निघाला की वडखळपासून नागोठण्यापर्यंतचे नातेवाईक पिशव्या घेऊन हजर : पेणचे पापड, वाल, सुका जवळा, कुणाच्या तरी लेकासाठी लोणचं. उघडून पाहणं म्हणजे त्या घराचा अपमान. दिवाळीत तर विचारूच नका. ज्या खसखशीवर आपण अनारसे थापतो, ती संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. किती काकवांना हे ठाऊक आहे? बॅग ज्याच्या हातात, गुन्हेगार तो, एवढा साधा हिशेब विमानतळावर चालतो. आत्याने दिलं, हा तिथे बचाव नाही.

कतारमध्ये तो बचाव शेवटी चालला, पण कशाने? बायकोच्या वडिलांनी मुंबईतून अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे, तक्रार केली. नवऱ्याच्या आणि आत्याच्या फोनवरच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण हाती होतं, त्यात पाकिटाचा विषय होता. इकडे आत्याला अटक झाली, तिकडे दूतावासामार्फत कागद दोहाच्या न्यायालयापुढे गेले. वरिष्ठ न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला आणि मार्च २०२१च्या अखेरीस दोघं निर्दोष सुटली. एप्रिलमध्ये घरी आली.

२०२४मध्ये ‘गुमराह’वरच बेतलेला ‘जिगरा’ आला. यात बहीण परदेशी तुरुंग फोडून भावाला सोडवते. बहीण झालीय आलिया भट्ट, महेश भट्टांची लेक, ‘सडक २’ची नायिका आणि क्रिसनची सहकलाकार. मला तो चित्रपट आवडला. तरी त्या धुमश्चक्रीत माझं लक्ष सारखं एनसीबीच्या कचेरीत तक्रार घेऊन बसलेल्या त्या बापाकडे जात होतं. त्याच्यावर अजून कुणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही.