ताणाची नोंद केसांत सापडते का?

परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. पेपर संपला की सारे निवळते. हा झाला तात्पुरता ताण. पण घरातले आजारपण, कर्ज, रोजची भांडणे यांमुळे तो महिनोन्‌महिने टिकला, तर शरीरात त्याची मोजता येईल अशी काही खूण उरते का?

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्यामुळे रक्तातील साखर वाढते आणि शरीराला जादा इंधन मिळते. मात्र कॉर्टिसॉलची पातळी दिवसभर सारखी नसते. सकाळी जाग आल्यावर अर्ध्यापाऊण तासात ती सर्वांत जास्त असते, तर मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. शिवाय सुईच्या भीतीनेही ती वाढू शकते! मग रक्ताच्या एका नमुन्यावरून काही महिन्यांची हकिकत कशी कळणार?

येथे केस उपयोगी पडतो. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना थोडे कॉर्टिसॉल त्यात अडकते. म्हणजे टाळूलगतच्या ३ सेंटिमीटर केसात गेल्या ३ महिन्यांची गोळाबेरीज मिळते.

मनाला जाणवणारा ताण मोजण्याची रीत निराळी आहे. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. परिस्थिती आपल्या आवाक्यात आहे असे गेल्या महिन्यात किती वेळा वाटले, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत असतात. तिच्या १० प्रश्नांच्या रूपात ० ते ४० गुण मिळतात.

ही दोन मापे जुळतील, असे आपल्याला वाटेल. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, दीर्घ ताणाखालील गटांच्या केसांत कॉर्टिसॉल सरासरी २२ टक्के अधिक आढळले. परंतु प्रश्नावलीतील गुणांशी त्याचा सुसंगत संबंध मात्र दिसला नाही!

असे का व्हावे? एक तर दोन्ही मापांचा कालावधी वेगळा. दुसरे, आजारी माणसाची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्याला ओझ्याची सवय होते. तो ‘ताण नाही’ म्हणतो, पण शरीर ओझे वाहतच असते. उलट, मोठ्या आघातानंतर काहींचे कॉर्टिसॉल नेहमीपेक्षा कमीही आढळते. मुख्य म्हणजे प्रश्नावली ओझे आणि आपले बळ यांचा मनाने लावलेला हिशेब विचारते. केस फक्त संप्रेरकाचे प्रमाण सांगतो.

तेव्हा आपण शिक्षकांनी ध्यानात काय ठेवावे? एखादी विद्यार्थिनी ‘बाई, आता सहन होत नाही’ म्हणाली, तर तिचे म्हणणे खोटे ठरवील अशी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. आणि एखादा मुलगा काहीच बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ताण नाही असेही समजू नये. पहिलीचे ऐकून घ्यावे. दुसऱ्याची आपण होऊन चौकशी करावी.