डिकी अडकली तर

हदगावहून नांदेडला जाताना वारंगा फाट्याच्या अलीकडे टायर पंक्चर झाला आणि डिकीच उघडेना, तर स्टेपनी, जॅक, पान्हा सगळेच आत अडकते. अशा वेळी डिकी उचकटू नये. कुलूप का अडले हे ओळखले, तर बहुतेक वेळा ती हातानेच उघडते.

आधी रचना समजून घेऊ. डिकीच्या कडेला आकड्यासारखा खटका असतो आणि तो समोरच्या लोखंडी कडीला पकडतो. ड्रायव्हरच्या सीटजवळची खालची पट्टी ओढली की एक तार त्या खटक्याला मागे खेचते. काही गाड्यांत तारेऐवजी बटण आणि बॅटरीवर चालणारी छोटी मोटर असते.

पहिली पायरी: पट्टी ओढताना हाताला काय जाणवते ते पाहावे. पट्टी ढिली, निर्जीव लागली तर तार तुटली किंवा निसटली आहे. ती नेहमीसारखी ताठ असूनही डिकी उघडत नसेल, तर खटकाच अडकला आहे.

दुसरी पायरी: खटका अडकला असेल तर दोघांची गरज लागते. एकाने पट्टी ओढून धरावी, दुसऱ्याने डिकी आधी तळहाताने खाली दाबून मग वर उचलावी. सोयाबीनच्या पोत्यांनी डिकी ठासून भरली असेल, तर आतल्या दाबाने खटका कडीवर ताणून बसतो. खाली दाबले की तो ताण सुटतो. इथेच बहुतेकांची चूक होते: ते नुसतेच वर ओढत राहतात.

तिसरी पायरी: तार तुटली असेल आणि डिकीला चावीचे छिद्र असेल, तर चावी लावावी. वर्षानुवर्षे न वापरलेल्या छिद्रात धूळ बसते. गंज सोडवणारा स्प्रे मारून थोडे थांबावे, चावी हळूहळू दोन्ही बाजूंना हलवावी. जोर केला तर चावी आतच मोडते. छिद्र नसेल, तर पट्टीवरचे प्लास्टिकचे झाकण काढावे. तारेचे टोक तिथे दिसले, तर पकडीने सरळ ओढावे.

चौथी पायरी: बटणाची गाडी मुकी झाली असेल, तर बॅटरी उतरलेली असू शकते. अनेक रिमोटच्या पोटात साधी चावी दडलेली असते. तिने ड्रायव्हरचा दरवाजा उघडतो. मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जंपर केबल जोडून बटण चालते का पाहावे. सीएनजीची गाडी असेल आणि वास येत असेल, तर केबल लावूच नये, ठिणगी घातक ठरते. गाडीपासून लांब व्हावे.

पाचवी पायरी: आतून जावे. मागच्या सीटची पाठ दुमडत असेल तर ती पाडून डिकीत शिरता येते. हॅचबॅक गाडी असेल, तर मागच्या दाराच्या आतल्या आवरणावर छोटे झाकण शोधावे. काही गाड्यांत ते चपट्या पेचकसाने काढले की खटक्याची दांडी सापडते. मात्र सगळ्याच सेडानची सीट दुमडत नाही, आणि सीएनजीच्या गाडीत वाट टाकीनेच अडवलेली असते.

डिकीत मूल अडकले असेल तर पायऱ्या मोजत बसू नये. लगेच ११२ ला फोन करावा, सीट पाडावी, गरज पडली तर काच फोडावी. अमेरिकेत सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या डिकीच्या गाड्यांना आतून ओढायची, अंधारात चमकणारी मूठ सक्तीची आहे. आपल्याकडच्या अनेक गाड्यांत ती नाही, म्हणून लहान मुलांना डिकीत खेळू देऊ नये.

डिकी उघडली की लगेच आपटून लावू नये. ती वर असतानाच पेचकसाने खटका बंद करावा आणि पट्टी ओढावी. खटका टणकन मागे आला तरच डिकी लावावी. आला नाही, तर दोरीने बांधून सावकाश मिस्त्रीकडे जावे. घरी पोचल्यावर पकड आणि पेचकस पुढच्या सीटखाली ठेवावेत, कारण डिकीत ठेवलेले अवजार डिकी उघडायच्या कामी येत नाही.