‘वुदरिंग हाइट्स’मधली कॅथरीन नेमकी कोणती?

‘वुदरिंग हाइट्स’ वाचायला घेतली आणि नावांच्या गोंधळात सोडून दिली, असं सांगणारे बरेच भेटतात. मीपण त्यातलाच. आज तो गुंता सोडवूया.

एमिली ब्राँटेची ही १८४७ सालची कादंबरी. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या माळरानावरची दोन घरं, अर्नशॉ आणि लिंटन. कॅथरीन मात्र दोन आहेत, आई आणि मुलगी. मुलगी जन्मते त्याच रात्री आई जाते आणि तेच नाव पुढे चालू राहतं.

कोडिंग करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एकाच नावाचे दोन व्हेरिएबल असले, की आपण स्कोप बघतो. इथेही तेच करायचं. बोलतंय कोण आणि काळ कुठला, हे आधी बघा. गोष्ट सुरू होते १८०१ मध्ये, पण नेली डीन सांगते ती बरीचशी हकीकत त्याआधीची. लॉकवुडला घरात भेटते ती तरुण ‘मिसेस हीथक्लिफ’ म्हणजे मुलगी. तो आधी तिला हीथक्लिफची बायको समजतो, मग हेअरटनची. दोन्ही चूक! ती हीथक्लिफची विधवा सून आहे.

अजून एक खूण. एडगर लिंटन बायकोला कायम पूर्ण ‘कॅथरीन’ म्हणतो, कारण ‘कॅथी’ ही हीथक्लिफची हाक. मुलीला मात्र तो ‘कॅथी’च म्हणतो. म्हणजे कोणत्या नावाने हाक मारली, यातही जुनी जखम आहे.

आणि हीथक्लिफ? त्याला एकच नाव, तेही अर्नशॉंच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं. नाव तेच, आडनावही तेच. घरात आणला, पण घराण्याचं आडनाव काही मिळालं नाही. पुढे तो दोन्ही घरं बळकावतो, त्यामागचा राग इथून समजतो.

आता खिडकीच्या फळीवर कोरलेली तीन नावं आठवा: कॅथरीन अर्नशॉ, कॅथरीन हीथक्लिफ, कॅथरीन लिंटन. आई अर्नशॉची लिंटन झाली, मधलं नाव तिला कधीच मिळालं नाही. मुलगी लिंटनची हीथक्लिफ झाली आणि शेवटी हेअरटनशी लग्न ठरल्यावर अर्नशॉ होणार. म्हणजे तीच नावं, उलट्या क्रमाने!

तेव्हा पुस्तक पुन्हा उघडाल, तर आडनावांवर लक्ष ठेवा. नावांचा हा गोंधळ लेखिकेकडून चुकून झालेला नाही, खरी गोष्ट त्यातच आहे. भेटू पुढच्या भागात!