जास्वंदीवरचे पीठ

जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यावर कोणी पीठ भुरभुरले आहे असे वाटते, पाने आकसून गोळा झालेली असतात, कळ्या उमलण्यापूर्वीच गळतात आणि खोडावरून मुंग्यांची रांग चाललेली दिसते. आपल्याकडील परसांतून हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहे हे कळल्यापासून शेजारीपाजारी मला विचारतात, "हा कसला रे रोग?" हा रोग नव्हे, कीड आहे. मराठीत तिला पिठ्या ढेकूण म्हणतात आणि कन्नडमध्ये 'हिट्टु तिगणे', म्हणजेही पिठाचा ढेकूणच! दोन्ही भाषांना एकच उपमा सुचावी याचे मला मोठे कौतुक वाटते.

पिठ्या ढेकूण हा खवले किडीचा भाऊबंद. खवले किडीची मादी एकदा सोंड खुपसून बसली की बहुधा जन्मभर तिथेच. पाठीवर खवल्याचे झाकण आणि पुष्कळ जातींत पायही उरत नाहीत. पिठ्या ढेकणाला पाय असतात, पण तोही भारी आळशी. पंख फक्त नराला, आणि त्या बिचाऱ्याला खायला तोंडच नसते, त्यामुळे तो थोडेच दिवस जगतो. मादीच्या अंगावर मेणाची भुकटी असते. तेच आपल्याला दिसणारे पीठ. झाडाचा गोड रस ती इतका पिते की जादा रस चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावा लागतो. त्यासाठी मुंग्या येतात आणि गवळ्याने गुरे राखावीत तशा या किडीची राखण करतात. पानांवर सांडलेल्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते ती वेगळीच.

आता प्रश्न असा की, जिच्या मादीला पंखच नाहीत अशी कीड समुद्र ओलांडून इथवर आली कशी? उत्तर सोपे आहे. ती आली नाही, तिला आणले गेले: कलमांतून, कुंड्यांतून, फळांच्या पेट्यांतून.

पपईवरील पिठ्या ढेकणाची हकीकत पाहा. शास्त्रीय नाव पॅराकॉकस मार्जिनेटस. ही कीड मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतली. तिथे तिचा बोभाटा नव्हता. शास्त्रज्ञांनी तिचे बारसे केले तेच मुळी १९९२ साली. मग ती कॅरिबियन बेटांत पसरली. १९९८ साली अमेरिकेतील फ्लोरिडात ती सापडली, ती पपईवर नव्हे तर जास्वंदीवर. पुढे ग्वाम, पलाऊ, हवाई अशी बेटे घेत २००८ साली ती कोईमतूरला प्रगटली. इथे तिला जुन्या ओळखीचीही मंडळी भेटली. पपई, देवचाफा आणि आपले कुप्रसिद्ध गाजरगवत ही सारी तिच्याच अमेरिकेतून आलेली. जास्वंद आणि तुती मात्र आशियातल्या. त्यांच्याशी तिचे पिढीजात नाते नव्हते, तरी तिने त्यांवरही बस्तान बसवले.

असे का होते? मायदेशी तिचे शत्रू तिची संख्या आटोक्यात ठेवतात. परदेशात ती येते, शत्रू मागेच राहतात. मग एका झाडावर मावेनाशी गर्दी होते, नुकतीच जन्मलेली पिले वाऱ्याबरोबर, मुंग्यांबरोबर, माळ्याच्या कपड्यांना चिकटून आजूबाजूला पडतात आणि ज्या झाडाचा रस सोसेल त्यावर टिकतात. शोभेची झाडे यात मोठी भूमिका बजावतात, कारण ती बारमाही हिरवी, दाराशी लावलेली आणि सर्वांत जास्त हातोहात देवाणघेवाण होणारी. शेतकऱ्याने पपईची बाग स्वच्छ केली तरी कुंपणाच्या जास्वंदीवरून कीड पुन्हा शेतात उतरते.

तमिळनाडूत तुतीवर ती पडली तेव्हा खरी पंचाईत झाली. तुतीवर विष फवारावे तर पाला खाणारे रेशीमकिडेच मरणार! अखेर २०१० साली बेंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने प्वेर्तो रिकोहून तीन जातींच्या चिमुकल्या गांधीलमाश्या मागवल्या. त्यांतली ॲसेरोफॅगस पपायी सर्वांत कर्तबगार ठरली. ही माशी मिलिमीटरभरही लांब नसते. ती ढेकणाच्या अंगात अंडे घालते, आतली अळी त्याला पोखरून खाते आणि उरते कोरडे टरफल. काही महिन्यांतच किडीचा जोर ओसरला.

याची उलटी बाजूही आहे. मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस हा गुलाबी पिठ्या ढेकूण १९०८ साली भारतातल्याच नमुन्यांवरून वर्णिला गेला. आपल्या द्राक्षबागायतदारांना तो चांगलाच ठाऊक आहे. हाच १९९४ साली ग्रेनाडा बेटावर आढळला आणि तिथल्या जास्वंदीची त्याने दैना केली. तिथल्या लोकांच्या दृष्टीने परका पाहुणा म्हणजे आपला ढेकूण!

आपल्या परसातला ढेकूण कोणत्या जातीचा हे ओळखण्याची एक गमतीदार खूण प्रयोगशाळेत पाहता येते. पपईवरचा ढेकूण अल्कोहोलमध्ये ठेवला की एकदोन दिवसांत निळसर काळा पडतो. अर्थात पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच.

उपाय विचाराल तर कीड लागलेला शेंडा कापून पिशवीत बांधावा. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नये. मुंग्यांची वाट बंद करावी. मैत्रिणीकडून आणलेली फांदी दोनतीन आठवडे वेगळ्या कुंडीत ठेवावी. जहाल औषधाच्या वाटेला मात्र जाऊ नये: मेणामुळे ढेकूण बचावतो आणि माशी आधी मरते.

आणि चिरडण्यापूर्वी नीट पाहावे. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणलेला क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा या ढेकणांवर जगतो, पण त्याची अळीही तशीच पांढरी, मेणाच्या झिरमिळ्या ल्यालेली. शेजारच्या काकू तिलाच मोठा ढेकूण समजून मारीत होत्या. अळी ढेकणापेक्षा मोठी असते, तिच्या झिरमिळ्या लांब असतात आणि काडीने डिवचले की ती लगबगीने चालू लागते.