बंब: अंगणातला लाकडावरचा बॉयलर
निफाडचा पारा ५-६ अंशांवर आला की आमच्याकडे अंघोळीच्या पाण्याचे बंब पेटतात. परवा एका मळ्यात तांब्याचा जुना बंब उघडून पाहिला. काय सुरेख रचना!

मधोमध उभी नळी, खाली जाळी. नळीत जाळ, भोवती पाणी. नरसाळ्यातून ओतलेलं थंड पाणी तळाशी जातं आणि वरचं कढत पाणी बाहेर ढकलतं. थंड देशांत घरं तापवणारे लाकडावरचे बॉयलरही असेच. तिथे पंप ते पाणी खोल्याखोल्यांत फिरवतो.

२० लिटर पाणी २० वरून ४५ अंशांवर न्यायला अर्धा किलो सुकं सरपण पुरतं. खरड छाटणीच्या वाळलेल्या द्राक्षकाड्या उत्तम.

रिकामा बंब पेटवू नका, सांधे सुटतात. बंद न्हाणीघरात तर नकोच. कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.